फुटलेल्या स्फटिकाचे गुपित



आपल्या सातारा-सांगली भागात विहीर खणताना कधी कधी काळ्या दगडाच्या पोकळीत चमचमणाऱ्या गारगोट्या सापडतात. दख्खनच्या या दगडात मिळणाऱ्या एका खनिजाचे नाव आहे अपोफिलाइट. हे नाव १८०६ साली एका कॅथलिक धर्मगुरूंनी ठेवले. ते म्हणजे फादर रने ज्युस्त आवी.

त्यांचा जन्म १७४३ साली फ्रान्समध्ये एका गरीब विणकराच्या घरी झाला. गावच्या मठातील संन्याशांनी मुलाची हुशारी ओळखून त्याच्या शिक्षणाला हातभार लावला. १७७० साली गुरुदीक्षा झालेले फादर आवी पॅरिसमध्ये शिकवत असत.

एकदा मित्राच्या घरी कॅल्साइटचा सुंदर स्फटिक त्यांच्या हातून पडून फुटला, असे सांगतात. फादर ओशाळले. पण तुकडे उचलताना ते थबकले. स्फटिक होता षट्‌कोनी खांबासारखा, तुकडा मात्र तिरक्या पेटीसारखा! घरी येऊन त्यांनी आपल्या संग्रहातले निरनिराळ्या आकारांचे कॅल्साइट स्वतःच फोडले. प्रत्येकातून तीच तिरकी पेटी निघाली. एकाच मापाच्या विटांनी वेगवेगळी घरे बांधावीत, तसे स्फटिक बारीक, एकसारख्या कणांच्या रचनेतून बनतात, हा विचार त्यांनी १७८४ साली ग्रंथातून मांडला.

फ्रेंच क्रांतीच्या सरकारने धर्मगुरूंवर लादलेली शपथ त्यांनी घेतली नाही. ऑगस्ट १७९२ मध्ये त्यांना अटक झाली. कोठडीतही त्यांनी आपले स्फटिक मागवून काम चालू ठेवले. एका तरुण शिष्याने धावपळ करून त्यांना सोडवले. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच तेथे कोंडलेल्या अनेक धर्मगुरूंची कत्तल झाली. एवढे होऊनही पुढच्याच वर्षी, शास्त्रज्ञ लाव्हाझिए कैदेत असताना, फादरांनी त्यांच्या सुटकेसाठी अर्ज केला. लाव्हाझिए वाचले नाहीत. पण फादर गप्प बसले नाहीत.

१८२२ साली ते निवर्तले. कणांची ती रचना त्यांनी डोळ्यांनी कधीच पाहिली नव्हती. ९० वर्षांनी, १९१२ साली, जर्मनीत माक्स फॉन लाउए व सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडले. फोटोच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली आणि अणूंची शिस्तबद्ध मांडणी सिद्ध झाली. आज अशाच नक्षीवरून, भिंगाशिवाय, संगणकाच्या मदतीने अतिसूक्ष्म स्फटिकाचे चित्र तयार करता येते. आतली विस्कटलेली मांडणीही त्यात दिसते.

धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनो, आज घरी चिमूटभर मीठ भिंगाखाली पाहा. चौकोनी खडे दिसले, तर फादर आवींची आठवण काढा.