शेवाळाचं गुपित उकलणाऱ्या कॅथलीनबाई

आमच्या गंगापूर रोडवर समुद्र कुठला! पण मैत्रिणींनो, पुडिंगसाठी आपण चायना ग्रास आणतो ना, ते समुद्रातल्या शेवाळापासूनच बनतं. अशाच शेवाळावर आयुष्य वेचलेल्या एका बाईंची आज ओळख करून देते.

कॅथलीन ड्र्यू १९०१ साली इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये जन्मल्या. मँचेस्टर विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकल्या आणि तिथेच शिकवू लागल्या. १९२८ मध्ये हेन्री बेकर या सहकाऱ्याशी त्यांनी लग्न केलं आणि नोकरी गेली! लग्न झालेल्या बाईला नोकरी नाही, असा तिथला नियम. घर, दोन मुलं सांभाळून बाईंनी बिनपगारी संशोधन चालू ठेवलं. इंजिनिअर नवऱ्याने त्यांना भरती-ओहोटीसारखं पाणी खेळवणारी टाकी करून दिली.

तिकडे जपानमध्ये भाताभोवती गुंडाळतात त्या नोरी शेवाळावर कित्येक कोळी कुटुंबांचं पोट. समुद्रात बांबू रोवायचे, जाळी बांधायची आणि शेवाळ आपोआप धरायची वाट बघायची. कधी भरपूर, कधी काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तर पीक पार बसलं. उन्हाळ्यात हे शेवाळ जातं कुठे, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

१९४९ मध्ये कॅथलीनबाईंनी उत्तर दिलं. त्यांच्याकडच्या किनाऱ्यावरच्या, नोरीच्याच जातकुळीतल्या शेवाळाचं बी शिंपल्यात शिरतं आणि गुलाबी धाग्यांसारखं वाढतं, हे त्यांना दिसलं. शास्त्रज्ञ त्या धाग्यांना वेगळीच वनस्पती समजत होते! मग जपानी शास्त्रज्ञांनी शिंपल्यांत बी वाढवून ते जाळ्यांवर धरलं. नशिबाचा खेळ होता, त्याची शेती झाली.

पुढे जास्त उत्पन्न देणारी जात सगळीकडे पसरली आणि जुनी आसाकुसा नोरी समुद्रात दुर्मीळ झाली. आता पाणी तापतंय, हंगाम आखूड होतोय. २०२२-२३ च्या हंगामात आरिआके समुद्रातलं पीक फारच घटलं. शेवाळाचं अख्खं जीवनचक्र समजून घेण्याची गरज आजही आहेच.

कॅथलीनबाई १९५७ मध्ये गेल्या. जपान त्यांनी कधी पाहिलाच नाही. तरी १९६३ मध्ये तिथल्या नोरी उत्पादकांनी आरिआके समुद्राकाठी, उतो इथे त्यांचं स्मारक उभारलं. दरवर्षी १४ एप्रिलला तिथे त्यांची आठवण काढतात. जपानी लोक त्यांना समुद्राची आई म्हणतात.

बचत गटाच्या कामात मला शिकलेल्या कितीतरी सुना भेटतात. लग्नानंतर पदवी कपाटात गेलेली असते. पगार नसला की त्या कामाला घरात काम म्हणतच नाहीत. सासूबाईंनो, नवरेमंडळींनो, सुनेला, बायकोला रोज दोन तास तिचे म्हणून द्या. टाकी करून द्यायला जमलं नाही तरी चालेल!