रोमचा जलाधिकारी फ्रॉन्टिनस

सेक्स्टस जूलियस फ्रॉन्टिनस हा रोमन साम्राज्यांतील नामांकित सेनानी. ब्रिटनचा सुभेदार असतां त्यानें तेथील सिल्युरीस नांवाच्या शूर लोकांस जिंकिलें होतें. अशा पुरुषास उतारवयांत, इ. स. ९७ सालीं, बादशहा नर्व्हा यानें रोम शहराच्या पाण्यावरील अधिकारी नेमिलें.

त्या वेळीं शहरास नऊ कालवे होते. पैकीं पहिला ख्रिस्तपूर्व ३१२ सालचा. दूरचें पाणी केवळ उताराच्या जोरावर, बहुतेक जमिनीखालून व कोठें कोठें उंच कमानींवरून येई आणि हौदांतून नळांवाटे सार्वजनिक कुंडें, स्नानगृहें व परवानगी मिळालेलीं घरें यांस पोंचे.

नवा अधिकारी बहुधा हाताखालच्यांच्या तंत्रानें चालतो. फ्रॉन्टिनसला तें लाजिरवाणें वाटलें. त्यानें कालवे स्वतः फिरून पाहिले, नकाशे काढविले, मापें घेतलीं. दप्तरांत पाणी १२,७५५ क्विनारिया जमा होतें, आणि वाटप मात्र १४,०१८! (क्विनारिया हें नळाच्या तोंडाचें रोमन माप होय.) बरें, उगमापाशीं मोजतां दप्तराहून सुमारें १०,००० अधिक भरलें. पाण्याचा वेग मोजण्याचें साधन त्याजपाशीं नसल्यानें हे आंकडे तंतोतंत धरतां येत नाहींत. परंतु चोरी उघड होण्यास तेवढे पुरे होते.

ही चोरी नळवाल्यांचीच होती. शिक्का मारलेल्या कांशाच्या तोंडापुढें ते ठरल्याहून मोठा नळ जोडीत. रस्त्याखालचे नळ फोडून पाणी विकीत. घराचा धनी बदलला कीं हौदास नवें भोंक पाडून जुनें आपल्या विक्रीकरितां राखीत. कुंडावर घागर घेऊन येणाऱ्या गरिबाचें पाणी तें! फ्रॉन्टिनसनें असे चोरनळ उपटविले, तेव्हां पुष्कळसें शिसें हातीं आलें. कालव्यांच्या चाकरीस ७०० गुलाम होते. त्यांस मुकादम खासगी कामास जुंपीत. त्यांचें उद्यांचें काम आज नेमून द्यावें व झालेलें रोज लिहून ठेवावें, असा त्यानें परिपाठ घातला. मार्सिया कालव्याचें निर्मळ पाणी धोब्यांकडे जाई, तें पिण्याकरितां राखिलें. गढूळ पाणी निराळें काढून बागांस लाविलें.

पुढें ९८ व १०० सालीं तो पुन्हां कॉन्सल झाला, व १०३ च्या सुमारास वारला. आपलें स्मारक उभारूं नये, अशी त्याची इच्छा होती. कालव्यांविषयीं त्यानें लिहिलेल्या ग्रंथाची एक जुनी प्रत १४२९ सालीं पोज्जो या विद्वानास माँटे कासिनोच्या मठांत सांपडली.