विश्लेषण : एका थपडेने नायिकेची ‘खाष्ट सासू’ झाली… ललिता पवार यांच्या डोळ्याला काय झाले होते?

रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेतील मंथरा आठवली की सर्वात आधी आठवतो तो तिचा बारीक झालेला डावा डोळा. १९८७ साली रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसणाऱ्या अनेकांना तो अभिनयाचाच भाग वाटत असे. प्रत्यक्षात ती चार दशकांहून अधिक जुनी दुखापत होती आणि ती झाली होती चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने. शस्त्र नव्हते, स्फोट नव्हता, उघडी हाताची मार होती. असा मुका मार डोळ्याचे इतके नुकसान कसे करू शकतो आणि आज तो कुणाला बसला तर काय करावे?

थपडेआधीच्या ललिता पवार

जन्म १८ एप्रिल १९१६, येवला, जिल्हा नाशिक. मूळ नाव अंबा लक्ष्मणराव शगुन. पैठणीच्या या गावात वडिलांचा रेशमी आणि सुती कापडाचा व्यापार होता. मूकपटांच्या काळात बालकलाकार म्हणून त्या पडद्यावर आल्या आणि लवकरच नायिका झाल्या. १९३२ च्या ‘कैलाश’ या मूकपटाच्या त्या सहनिर्मात्या होत्या. पुढे ‘दुनिया क्या है’ या बोलपटाची निर्मितीही त्यांनी केली. म्हणजे ऐन तरुण वयातच दोन चित्रपटांच्या निर्मितीत नाव असलेली ही नायिका होती. आज त्यांची आठवण फक्त सासू म्हणून काढली जाते, त्यात हा भाग पूर्ण झाकला जातो.

सेटवर काय घडले?

साल १९४२. चित्रपट ‘जंग-ए-आझादी’. समोर मास्टर भगवान, म्हणजे पुढे ‘अलबेला’ने घराघरांत पोहोचलेले भगवानदादा. प्रसंगात त्यांनी ललिताबाईंना जोरात थप्पड मारायची होती. ती ठरल्यापेक्षा फार जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झाला आणि डाव्या डोळ्यातली रक्तवाहिनी फुटली, असे या घटनेचे वर्णन केले जाते. उपचार सुमारे तीन वर्षे चालले. डोळ्यातला दोष मात्र कायम राहिला. मारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, तो निव्वळ अपघात होता. ललिताबाई तेव्हा २६ वर्षांच्या होत्या.

आता असे प्रसंग कॅमेऱ्याचा कोन साधून घेतले जातात, हात गालाजवळून निघून जातो आणि आवाज मागाहून भरला जातो. अंधेरी, गोरेगाव, मढ परिसरातील मालिकांच्या सेटवर हे रोजचे काम आहे.

गालावरच्या माराचा डोळ्याशी काय संबंध?

या वर्णनात दोन वेगळ्या इजा आहेत. पहिली मज्जातंतूची. चेहऱ्याचे स्नायू हलवणारा मज्जातंतू कानाच्या खालून बाहेर येतो, कानापुढे गालात शिरतो आणि पंख्यासारखा फाकत पापणी, गाल, ओठांपर्यंत जातो. थप्पड बसते ती नेमकी याच पट्ट्यावर. पापणी मिटण्याचे काम या मज्जातंतूच्या हाती असते. तो दुखावला की डोळा पूर्ण मिटत नाही, अश्रूंचा थर बुबुळावर पसरत नाही, बुबुळ कोरडे पडते आणि त्यावर जखम होऊ शकते. झोपेत डोळा अर्धवट उघडा राहतो, म्हणून अशा रुग्णांना वंगणाचे थेंब आणि रात्री पापणीवर चिकटपट्टी लावण्याचा सल्ला दिला जातो.

पुढची गोष्ट अधिक विचित्र आहे. दुखावलेले तंतू पुन्हा वाढताना कधी कधी चुकीच्या स्नायूला जाऊन मिळतात. ओठांसाठीचा संदेश पापणीलाही पोहोचतो आणि माणूस बोलू किंवा हसू लागला की त्या बाजूचा डोळा आपोआप बारीक होतो. पडद्यावर पाहून कुणाचे निदान करू नये हे खरे. तरी हे कळल्यावर मंथरेचे प्रसंग पुन्हा पाहताना नजर तिथेच जाते.

दुसरी इजा डोळ्याच्या आतली. डोळा हा द्रवाने भरलेला गोळा आहे आणि द्रव दाबला जात नाही. समोरून दाब आला की गोळा बाजूंनी फुगतो, जसा मुठीत दाबलेला पाण्याचा फुगा. त्या ताणाने आतल्या नाजूक वाहिन्या फाटतात. पांढऱ्या भागावर आलेला लाल डाग दिसायला भयंकर असतो, पण एरवी दोनेक आठवड्यांत आपोआप जातो. धोका असतो तो बुबुळामागे साचणाऱ्या रक्ताचा. त्याने डोळ्यातला दाब वाढतो आणि पहिल्या काही दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती राहते. पडदा फाटणे तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही उघड होते. काचबिंदू काही वर्षांनी डोके वर काढू शकतो.

१९४२ मध्ये डॉक्टरांच्या हाती काय होते? रुग्णावर पहिला सीटी स्कॅन झाला तो १९७१ मध्ये. पडद्यासाठीचे लेझर उपचार नव्हते, स्टिरॉइड औषधे नव्हती.

आज असा मार बसला तर?

बोरिवलीच्या टर्फवरचा चेंडू, मुलुंडच्या हॉलमधले शटलकॉक, अंधेरीच्या फलाटावर गर्दीत लागलेले कोपर, लोकलच्या दारात उभे असताना बाहेरून आलेला दगड किंवा होळीतली पाण्याची पिशवी. डोळ्याभोवतीची हाडे मोठा चेंडू अडवतात. शटलकॉकसारखी लहान वस्तू मात्र थेट खोबणीत शिरते. खेळताना पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा वापरला तर यातले बरेच टळते. नेहमीचा नंबरचा चष्मा ते काम करत नाही, फुटला तर उलट त्याचेच तुकडे लागतात.

मार बसल्यावर डोळा चोळू नये, दाबू नये, त्यावर बर्फ दाबून धरू नये. कागदी कपाचा तळ कापून तो भोवतीच्या हाडांवर टेकेल असा चिकटवावा, म्हणजे डोळ्यावर भार येत नाही. वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. धूसर दिसणे, दोन प्रतिमा दिसणे, बाहुलीचा आकार बदलणे, विजेसारख्या चमका, काळे ठिपके किंवा नजरेसमोर पडदा सरकल्यासारखे वाटणे, यातले काहीही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. महापालिकेची कूपर आणि राजावाडी ही रुग्णालये पश्चिम आणि पूर्व उपनगरांत आहेत. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिसायला ठीक वाटले तरी एकदा पडदा तपासून घ्यावा.

चुना, अ‍ॅसिड किंवा फरशी धुण्याचे द्रव डोळ्यात गेले तर नियम उलटा. तिथे आधी धुवायचे. नळाच्या स्वच्छ पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे, पापणी उघडी धरून, आणि मगच रुग्णालयात. तंबाखूसोबतची चुन्याची डबी वा पुडी लहान मुलांच्या हाती लागणे ही फार महागात पडणारी चूक आहे.

दुखापतीनंतरची पाच दशके

नायिकेच्या भूमिका बंद झाल्या, पण काम थांबले नाही. तीन वर्षे त्या घरी बसून होत्या असे सांगितले जाते, मात्र प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ चा आहे आणि त्यातली आनंदीबाई ललिता पवारांचीच. पुढे १९५० च्या ‘दहेज’ने खाष्ट सासू पक्की केली. ‘श्री ४२०’ मधली केळेवाली गंगामाई किंवा ‘अनाडी’ मधली, वरून तापट आणि आतून मायाळू मिसेस डिसा पाहिली की हा शिक्का किती अपुरा होता ते दिसते. ‘अनाडी’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला, १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. मंथरेचे चित्रीकरण उंबरगावला झाले तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.