र. धों. कर्वे : वर्गाबाहेर शिकवणारे गणिताचे प्राध्यापक



दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा पाठ आला की आपल्यापैकी बरेच जण "हा घरी वाचून घ्या" म्हणून पुढे जातात. मुलं घरी विचारतात, तर तिथेही विषय बदलला जातो. मग मुलांनी विचारायचं कुणाला? हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका गणिताच्या प्राध्यापकाला पडला होता. त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. आई राधाबाई १८९१ मध्ये वारल्या, तेव्हा रघुनाथ अवघे नऊ वर्षांचे होते. दोन वर्षांनी वडिलांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला आणि गावाने कुटुंबाला वाळीत टाकलं. समाजाच्या विरोधात उभं राहिलं की काय सोसावं लागतं, हे या मुलाने घरातच पाहिलं.

रघुनाथ अभ्यासात अतिशय हुशार होते. पॅरिसला जाऊन त्यांनी गणिताचं उच्च शिक्षण घेतलं आणि पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते प्राध्यापक झाले. चांगली नोकरी होती, मान होता. पण आजूबाजूला एकामागून एक बाळंतपणांनी खंगलेल्या बायका दिसत होत्या. किती मुलं व्हावीत आणि कधी व्हावीत, हे त्या बाईला कुणीच विचारत नव्हतं.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. भारतातलं हे पहिलं केंद्र मानलं जातं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनीही असंच केंद्र काढलं होतं, म्हणजे आपली मुंबई जगाच्या मागे नव्हती! पत्नी मालतीबाई या कामात खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. दोघांनी विचारपूर्वक स्वतःला मूल होऊ दिलं नाही.

कॉलेजच्या चालकांना हे काम रुचलं नाही. नोकरी किंवा प्रचार, यातलं एक निवडायची वेळ आली. १९२५ मध्ये रघुनाथरावांनी नोकरी सोडली. घरखर्चाची ओढाताण सुरू झाली, पण काम थांबलं नाही.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. लैंगिक शिक्षण, गुप्तरोग, संततिनियमन, स्त्रीचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क, सगळ्यावर ते सरळ मराठीत लिहीत. वाचकांच्या शंकांनाही उत्तरं देत. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, दंड भरावा लागला. तरी पुढचे अंक निघतच राहिले.

हा विचार पुढे कायदेमंडळापर्यंतही गेला. नोव्हेंबर १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. ठराव फेटाळला गेला. पण १९५२ मध्ये स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्या गोष्टीसाठी कर्व्यांनी नोकरी घालवली, ते आता सरकारी धोरण झालं होतं!

एक फरक मात्र लक्षात घ्यायला हवा. सरकारच्या डोळ्यांसमोर देशाची लोकसंख्या होती, तर कर्व्यांच्या डोळ्यांसमोर ती एकटी बाई होती. तिचं आरोग्य, तिचं सुख आणि तिचा निर्णय त्यांना महत्त्वाचा वाटे.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव गेले. सव्वीस वर्षं चाललेलं मासिकही त्यांच्याबरोबरच संपलं.

आपल्याला काही नोकरी पणाला लावायची नाही. पाठ पुस्तकात छापलेला आहे, तो फक्त न लाजता शिकवायचा आहे. आणि पालकांनो, मुलाने घरी प्रश्न विचारला तर विषय बदलू नका. खरं, सोपं उत्तर द्या. आपण नाही दिलं, तर ते मोबाईलवरून कुठूनतरी मिळवतीलच, आणि ते खरं असेलच असं नाही.