पटकीवर लस शोधणारे हाफकिन आणि आपल्या घरातली मीठ-साखर

पावसाळा सुरू झाला की शेंद्र्यात आमच्याकडे जुलाबाचे रुग्ण वाढतात. कामगारांच्या खोल्यांत पाणी साठवलेले असते, एका खोलीतला एक जण आजारी पडला की दोन दिवसांत दुसरा येतो. बहुतेकांची मागणी एकच असते : सलाईन लावा आणि भारी गोळी द्या. अशा वेळी मला डॉ. वाल्देमार हाफकिन आठवतात. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे, ती अनेकांना माहीत असते. तो माणूस मात्र फारसा माहीत नसतो.

ओडेसा ते कोलकाता

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्र शिकलेले होते. ज्यू असल्यामुळे तिथे पुढची वाट बंद झाली आणि ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. सुरुवातीला काम मिळाले ग्रंथालयात.

पटकी म्हणजे कॉलरा. त्याचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी त्याआधी काही वर्षे ओळखला होता. हाफकिन यांनी तो कमजोर करून लस बनवली आणि १८ जुलै १८९२ रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली.

१८९३ मध्ये ते भारतात आले. आपल्याकडे तेव्हा पटकीची साथ आली की मरीआईला साकडे घालण्यापलीकडे लोकांच्या हाती फारसे काही नव्हते. सरकारी डॉक्टर हाफकिन यांच्याकडे संशयाने पाहत आणि लोक सुईला घाबरत. म्हणून ते लोकांसमोर आधी स्वतःला टोचून घेत. १८९४ मध्ये कोलकात्याच्या एका वस्तीतील सुमारे २०० जणांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे तिथे १० जणांना पटकी झाली, ७ दगावले. हे सर्व लस न घेतलेले होते.

मुंबई, प्लेग आणि एक आळ

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःवर तपासली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला आली.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावात लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि पद गेले. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे नंतर पुढे आले. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले आणि पुन्हा भारतात येऊन १९१४ पर्यंत काम करत राहिले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

जे त्यांच्याकडे नव्हते

लस आजार टाळण्यासाठी होती. ज्याला पटकी झालीच आहे, त्याला तिचा उपयोग नव्हता. अशा रुग्णाचा जीव शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने जातो. साखरेसोबत दिले तर आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते, हे कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले.

घरी काय कराल?

- ओआरएसचे मोठे पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण मिसळा. २४ तासांनंतर उरलेले फेकून द्या.
- पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला.
- उलटी झाली तर १० मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा द्या.
- बाळाचे अंगावरचे दूध सुरू ठेवा. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्या.
- अँटिबायोटिक मनाने घेऊ नका. ई. कोलायच्या साध्या जुलाबात बहुधा ते लागत नाही. शिगेलाची रक्ती हगवण किंवा तीव्र पटकी असेल तर डॉक्टर ते देतात.
- जुलाब थांबवणारी गोळी मुलांना, तसेच ताप किंवा रक्त असताना कोणालाही देऊ नका.

लगेच दवाखान्यात या : तांदळाच्या धुवणासारखे पाण्याचे जुलाब एकसारखे होत असतील, शौचात रक्त असेल, लघवी कमी झाली असेल, डोळे खोल गेले असतील, रुग्ण सुस्त असेल किंवा पोटात काहीच टिकत नसेल तर वाट पाहू नका. अशा वेळी सलाईन खरोखर लागते. दवाखान्यात येतानाही वाटेत ओआरएस पाजत राहा.

हाफकिन यांना पटकीच्या रुग्णासाठी जे देता आले नाही, ते आज आपल्या स्वयंपाकघरात आहे. पहिला जुलाब झाला की पहिला पेला तिथेच भरा.