भीमबैठकेचा चित्रशोधक

भोपाळहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरून विंध्य पर्वताच्या रांगांमधील एक डोंगर लक्ष वेधून घेतो. वारा, पाऊस आणि काळ यांनी कोरलेले त्याच्या माथ्यावरील वालुकाश्माचे प्रचंड सुळके एखाद्या भग्न किल्ल्याच्या बुरुजांसारखे भासतात. परिसरातील लोक या जागेला भीमबैठका म्हणत आले. वनवासात असताना पांडव या अरण्यात राहिले आणि बलदंड भीम या शिळांवर बसत असे, अशी त्यांची श्रद्धा. ज्या शिळा माणसाच्या हातून हलणार नाहीत, त्या भीमाखेरीज दुसऱ्या कोणाच्या असणार? १९५७ मध्ये रेल्वेने जाताना हेच सुळके उज्जैनच्या एका मराठी चित्रकाराच्या नजरेस पडले आणि भारतीय प्रागितिहासाला एक नवे दालन मिळाले. त्या चित्रकाराचे नाव विष्णू श्रीधर वाकणकर.

हरिभाऊ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाकणकरांचा जन्म ४ मे १९१९ रोजी मध्य भारतातील नीमच येथे झाला. मराठेशाहीच्या विस्ताराबरोबर माळव्यात गेलेली अनेक मराठी कुटुंबे तेथेच रुजली. वाकणकर त्याच परंपरेतले. त्यांचा मूळ पिंड चित्रकाराचा होता. उज्जैनमध्ये त्यांनी भारती कलाभवन ही संस्था उभी केली आणि तेथील विद्यार्थ्यांना घेऊन ते माळव्यातील डोंगर, नद्या आणि उजाड टेकाडे पालथी घालू लागले. रेखाटनवही हे त्यांचे पहिले साधन होते. पुरातत्त्वज्ञाची कुदळ नंतर हाती आली. १९५० च्या दशकात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली नर्मदाकाठी महेश्वर-नावडाटोली येथे जे उत्खनन झाले, त्यात ते सहभागी झाले आणि मातीचे थर वाचण्याची शिस्त त्यांच्या अंगी बाणली.

भारतात शैलचित्रे प्रथम वाकणकरांनीच पाहिली असे नव्हे. आर्चिबाल्ड कार्लाइल यांना १८६७-६८ मध्येच मिर्झापूरच्या परिसरात अशी चित्रे आढळली होती. स्पेनमधील अल्तामिरा गुहेतील चित्रे उजेडात आली ती १८७९ मध्ये, म्हणजे त्यानंतर दहाहून अधिक वर्षांनी. परंतु कार्लाइल यांची टिपणे दीर्घकाळ अप्रकाशित राहिली आणि या शोधाचा गाजावाजा झाला नाही. खुद्द भीमबैठकेचा उल्लेखही १८८८ मध्ये डब्ल्यू. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने केला होता. स्थानिक आदिवासींकडून मिळालेल्या माहितीवर विसंबून त्याने या जागेला बौद्ध स्थळ मानले. स्थळाची वार्ता आदिवासींनी दिली, त्याचा अर्थ मात्र बाहेरच्या माणसाने आपल्या परिचयाच्या चौकटीत बसवला. पुढील जवळजवळ सत्तर वर्षे त्या डोंगराकडे अभ्यासकांचे पाऊल वळले नाही.

वाकणकर तेथे पोहोचले ते झाडीतून वाट काढीत. एकामागून एक शैलाश्रय समोर येऊ लागले आणि जवळपास प्रत्येक छतावर, भिंतीवर चित्रे दिसू लागली. लाल गेरूची, पांढऱ्या रंगाची, क्वचित हिरवी आणि पिवळी. गवे, हरणे, रानडुकरे, वाघ, हत्ती. शिकारी, नर्तक, मध गोळा करणारी माणसे. आणि नंतरच्या काळातील घोडेस्वार व ढाल-तलवारी घेतलेले योद्धे. एकाच शिळेवर कित्येक पिढ्यांनी चित्रावर चित्र काढले होते. या एकाच परिसरात सातशेहून अधिक शैलाश्रय असल्याचे पुढील सर्वेक्षणांतून निष्पन्न झाले.

ही चित्रे कोणी काढली, या प्रश्नाला लोकपरंपरेने आपले उत्तर आधीच देऊन ठेवले होते. मध्य भारतात जेथे जेथे मानवी कर्तृत्वाच्या पलीकडचे काही दिसे, तेथे पांडवांचे नाव येई. पचमढीचे नावच पांडवांच्या पाच मढ्यांवरून पडल्याचे सांगतात. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना आपण आजही पांडवलेणी म्हणतो, त्यामागची प्रवृत्ती हीच. पण भीमाच्या नावाला आणखी एक पदर आहे. गोंड समाजात भिवसेन हे पूज्य दैवत आहे आणि नागपूर जिल्ह्यातील पारशिवनीजवळचे कुवारा भिवसेन हे त्यांचे श्रद्धास्थान आहे. गोंड आणि कोरकूंच्या या मुलखात भीमाची बैठक म्हणताना प्रत्येकाच्या मनात महाभारतच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

वाकणकरांच्या कार्यपद्धतीचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी लोकपरंपरेला तुच्छ लेखले नाही आणि तिला कालनिर्णयाचे प्रमाणही मानले नाही. कालक्रम त्यांनी चित्रांतूनच शोधला. कोणते चित्र खाली आणि कोणते वर, रंग कोणता, रेषेची धाटणी कशी, कोणते प्राणी आणि कोणती शस्त्रे दिसतात, यांची तुलना करून त्यांनी शैलींचा क्रम लावला. १९७० च्या दशकात त्यांनी स्वतः आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी येथे उत्खनने केली. पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतच्या मानवी वास्तव्याचे थर त्यांतून उघड झाले. भारतातील चित्रित शैलाश्रयांवरील प्रबंधासाठी पुणे विद्यापीठाने १९७३ मध्ये वाकणकरांना डॉक्टरेट दिली. १९७६ मध्ये रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

त्यांचे सर्वच निष्कर्ष निर्विवाद ठरले नाहीत. हिरव्या रंगातील गतिमान नर्तकांची चित्रे त्यांनी उत्तर पुराश्मयुगातील मानली. अनेक अभ्यासकांच्या मते मात्र येथील बहुतेक चित्रे मध्याश्मयुगाच्या मागे नेण्यास पुरेसा आधार नाही. खनिज रंगांचे वय थेट मोजणे अवघड असल्याने हा वाद सहज मिटणारा नाही.

परंपरा आणि पुरावा यांचे नाते त्यांच्या उर्वरित आयुष्यातही पुन्हा पुन्हा समोर आले. वराहमिहिराचे कपित्थक म्हणून सांगितल्या जाणाऱ्या उज्जैनजवळच्या कायथा गावी १९६० च्या दशकात त्यांनी प्राचीन वसाहतीचा शोध लावला आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची एक स्वतंत्र ताम्रपाषाण संस्कृती उजेडात आली. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी त्यांचे निकटचे नाते होते आणि संस्कार भारतीच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. १९८५ मध्ये त्यांनी वैदिक सरस्वतीच्या शोधासाठी मोहीम काढली. येथे परंपरा हीच प्रारंभबिंदू होती आणि म्हणूनच या मोहिमेबद्दल विद्वानांत मतभेद राहिले. भीमबैठकेत त्यांनी पाळलेले अंतर सरस्वतीच्या बाबतीत पाळले गेले का, हा प्रश्न त्यांच्या चरित्रकाराला टाळता येणार नाही.

१९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एप्रिल १९८८ मध्ये सिंगापूरच्या प्रवासात असताना त्यांचे निधन झाले. भीमबैठकेचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला तो त्यानंतर पंधरा वर्षांनी, २००३ मध्ये. तो करताना युनेस्कोने एक गोष्ट आवर्जून नोंदवली: सभोवतालच्या २१ गावांतील लोकांच्या सांस्कृतिक परंपरांचे या चित्रांशी दृढ साम्य आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेश शासनाने रातापानीच्या जंगलाला व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा दिला आणि त्याला वाकणकरांचे नाव देण्याचे जाहीर झाले.

एका डोंगराला अशा रीतीने दोन नावे लाभली. पहिले त्याच्या रहिवाशांनी दिलेले, दुसरे त्या डोंगराची चित्रे जगापुढे आणणाऱ्याचे. दुसऱ्या नावाचा मान पूर्णतः योग्यच आहे. परंतु पहिले नाव ज्यांनी पिढ्यान् पिढ्या जपले, त्यांनीच ती वाट आणि त्या शिळाही ध्यानात ठेवल्या, याची नोंद वाकणकरांच्या स्मरणाबरोबर राहिली पाहिजे.