क्रोमरचा तांडेल हेन्री ब्लॉग



इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्फोक परगण्यात क्रोमर नावाचे छोटेसे गाव आहे. तेथील खेकडे प्रसिद्ध आहेत. गावापुढच्या समुद्रात पाण्याखाली वाळूचे लांबच लांब दांडे पसरलेले आहेत. वादळात एखादे जहाज त्या वाळूत रुतले की ते हलत नाही, आणि लाटा त्याचे तुकडे करतात. अशा जहाजांवरील माणसांना सोडवून आणण्यासाठी क्रोमरला लाईफबोट असते.

या कामाची संस्था 1824 साली लंडनमध्ये स्थापन झाली. आज ती रॉयल नॅशनल लाईफबोट इन्स्टिट्यूशन या नावाने ओळखली जाते. ती सरकारी नाही, लोकांच्या देणग्यांवर चालते. बोट संस्थेची असते, पण वल्ही मारणारे हात गावाचेच लागतात. क्रोमरला हे हात खेकडे पकडणाऱ्या मोजक्या कुटुंबांचे होते. डेव्हिस, हॅरिसन, अॅलन ही आडनावे तेथे पिढ्यान्पिढ्या पुन्हा पुन्हा येतात. आकाशात दारूचा बाण फुटला की हातातले काम तसेच टाकून माणसे किनाऱ्याकडे धावत सुटत. बोटीत बसणारे दहा-पंधरा, पण बोट गाड्यावरून लाटांत लोटायला कमरेइतक्या थंडगार पाण्यात उतरणारे त्याहून कितीतरी अधिक. पदकांच्या यादीत या लोटणाऱ्यांची नावे सहसा सापडत नाहीत.

हेन्री ब्लॉगचा जन्म याच गावात 1876 साली झाला. आईचे तेव्हा लग्न झालेले नव्हते. लहान गावात अशा मुलाला काय काय ऐकून घ्यावे लागते हे वेगळे सांगायला नको. शाळेतली मुले त्याला छळत, तो उलट हात उगारत नसे. आजीच्या घरी तो वाढला. पुढे आईने डेव्हिस घराण्यातील एका मच्छीमाराशी लग्न केले. हेन्रीने लहान वयातच शाळा सोडली आणि तो खेकड्यांच्या होडीवर जाऊ लागला. 1894 साली, अठराव्या वर्षी, तो लाईफबोटीवर चढला. 1909 साली तो तिचा तांडेल झाला, म्हणजे सुकाणू त्याच्या हाती आले. दारू नाही, तंबाखू नाही, बोलणेही बेताचेच. उन्हाळ्यात गावी येणाऱ्या पाहुण्यांना किनाऱ्यावर खुर्च्या भाड्याने देऊन तो चार पैसे जोडी. आणि नवल म्हणजे या माणसाला अखेरपर्यंत पोहता येत नव्हते!

9 जानेवारी 1917. पहिले महायुद्ध चालू असल्याने गावातील तरुण लढाईवर गेलेले. बोटीत उरले ते बहुतेक पन्नाशी-साठीचे. बोट चौदा वल्ह्यांची, इंजिन नाही. भर वादळात त्यांनी एका ग्रीक जहाजावरील 16 जणांना किनाऱ्यावर आणले. अंग सुकण्याआधीच कळले की फर्नेबो नावाचे स्वीडिश जहाज स्फोटाने दुभंगले आहे. तीच थकलेली माणसे पुन्हा बोटीत बसली. पहिल्या प्रयत्नात लाटांनी त्यांना किनाऱ्यावरून हलूच दिले नाही. रात्री पुन्हा निघाले, निम्म्या वाटेवर गेले, तोच एका लाटेने पाच वल्ही मोडली आणि बोट परत किनाऱ्याला लागली. येथे कोणी थांबले असते तर त्यांना दोष देणे कठीण होते. त्यांनी दुसरी वल्ही मागवली. सैनिकांनी सर्चलाईटचा झोत टाकला, किनाऱ्यावरच्या लोकांनी बोट पुन्हा पाण्यात लोटली, आणि मध्यरात्रीच्या सुमारास जहाजाच्या उरलेल्या अर्ध्या भागावरील 11 जण सुखरूप परतले. या कामगिरीबद्दल ब्लॉगला संस्थेचे सुवर्णपदक मिळाले.

पुढे 1923 साली गावच्या धक्क्याच्या टोकाला नवी बोटशाळा झाली आणि इंजिनाची बोट आली. 1927 साली वाळूत रुतून दोन तुकडे झालेल्या एका डच तेलवाहू जहाजावरील 15 जणांना वाचवल्याबद्दल दुसरे सुवर्णपदक आले. 1932 साली एका इटालियन जहाजावरून माणसांबरोबर एक मोठा कुत्राही आला. जहाजाचे नाव होते मोंते नेवोसो. ब्लॉगने कुत्र्याला मोंते म्हणून हाक मारायला सुरुवात केली आणि तो त्याच्याच घरी राहिला. त्या घरात बोलणे फारसे नसावे. ब्लॉग दांपत्याचा मुलगा तान्हेपणीच गेला होता, आणि एकुलती एक मुलगीही तरुणपणीच वारली.

दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट 1941 मध्ये, एका ताफ्यातील सहा जहाजे एकाच वेळी वाळूवर चढली. त्या कामगिरीबद्दल तिसरे सुवर्णपदक मिळाले. पण मला त्याच वर्षीचा ऑक्टोबर महिना अधिक महत्त्वाचा वाटतो.

26 ऑक्टोबरला इंग्लिश ट्रेडर नावाचे जहाज रुतले. ब्लॉग तेव्हा पासष्ट वर्षांचा. बोट जवळ नेत असता एक प्रचंड लाट आडवी आली आणि बारा जणांपैकी पाच जण समुद्रात फेकले गेले. त्यांत स्वतः तांडेलही होता. उरलेल्यांनी एकेकाला ओढून घेतले. वॉल्टर अॅलन सर्वांत शेवटी सापडला. तो जिवंत होता, पण बोटीवरच त्याने प्राण सोडला. अंधार पडू लागला होता. जहाजावरील माणसे दिसत असतानाही ब्लॉगने बोट वळवली आणि तो ग्रेट यार्मथ बंदरात गेला.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला अॅरिस्टॉटलचे म्हणणे शिकवीत, की धैर्य हे भ्याडपणा आणि अविचारी साहस यांच्या मधोमध असते. वर्गात हे सोपे वाटते. पण त्या संध्याकाळी बोट वळवताना ब्लॉगला ते कुठे दिसले असेल? त्या अंधारात आणखी माणसे गमावली असती तर जहाजावरच्यांना सोडवायला कोण उरले असते? आणि मागे फिरलो तर सकाळपर्यंत जहाज टिकेल, याची हमी तरी कोण देणार होते? माझ्या मते परत फिरण्यासाठी त्या दिवशी पुढे जाण्याइतकेच धैर्य लागले.

पहाट होण्याआधीच, आपला एक सोबती नुकताच गमावलेली ती माणसे पुन्हा समुद्रात निघाली. सकाळी वारा थोडा पडला होता. जहाज अजून टिकून होते. त्यावरील 44 जण त्यांनी उतरवून घेतले.

ब्लॉग 1947 साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी निवृत्त झाला. निवृत्तीचे वय साठ होते, पण त्याला जा म्हणायला कोणी धजावले नाही. त्रेपन्न वर्षांत 387 वेळा तो बोटीवर गेला आणि 873 माणसे वाचली. तीन सुवर्ण आणि चार रौप्य पदके त्याच्याकडे होती, शिवाय जॉर्ज क्रॉसही होता. लाईफबोटीच्या इतिहासात एवढा सन्मान दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेला नाही. निवृत्तीपर्यंत त्याचा चरितार्थ खेकडे आणि किनाऱ्यावरच्या खुर्च्या यांवरच चालला.

13 जून 1954 रोजी तो वारला. क्रोमरला त्याचा समुद्राकडे पाहणारा अर्धपुतळा आहे, आणि 2006 साली त्याच्या नावाचे संग्रहालयही झाले. त्याच्यानंतर सुकाणू पुतण्याकडे गेले. त्याचे नावही हेन्रीच, हेन्री डेव्हिस, पण गाव त्याला श्रिम्प, म्हणजे कोळंबी म्हणे. या कोळंबीने 1976 सालापर्यंत ती बोट सांभाळली.